‘बाईंकडून’: स्वरलिपी, स्वामित्वहक्क आणि एक गाळलेले नाव

मामाला मणिकर्णिकेवर पोचवून आलो, त्याच्या चौथ्या दिवशी आम्ही त्याच्या वह्या काढल्या. ब्रह्माघाटाजवळच्या मराठी वस्तीतल्या गल्लीत त्याचे घर. आयुष्यभर शाळेत गणित शिकवले आणि संध्याकाळी गाणे लिहून घेतले. लाल कापडी बांधणीच्या, बनारसच्या दुकानदारांकडे हिशेबाला असतात तसल्या सात वह्या. प्रत्येक पानावर वर रागाचे नाव, खाली तालाचे खण, खणांत स्वर आणि स्वरांखाली शब्द. कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ, समेला फुली, खालीला शून्य. म्हणजे शुद्ध भातखंडे पद्धत. आणि समासात, निम्म्याहून अधिक पानांवर, एकच शब्द: ‘बाईंकडून’.

मामेभावाचा मुलगा पुण्यात इंजिनिअरिंग करतो आणि गिटार वाजवतो. वही उलटीसुलटी करून तो म्हणाला, “आत्या, आजोबांनी टॅब लिहून ठेवलेत की! स्कॅन करून टाकूया ना नेटवर. कुणाला तरी उपयोग होईल.” मग जरा थांबून त्याने विचारले, “पण हे कॉपीराइटमध्ये येतं का?”

त्या प्रश्नाचे उत्तर मला तेव्हा देता आले नाही. भाषांतर करणाऱ्या माणसाला हा प्रश्न परका नसतो, तरीही आले नाही. हा लेख त्या उत्तराच्या शोधात लिहिला आहे. तो शोध मला ज्या पुस्तकाकडे घेऊन गेला ते संगीतवाले रोज वापरतात, पण साहित्यवाले क्वचितच संहिता म्हणून वाचतात: विष्णु नारायण भातखंडे यांची ‘हिंदुस्थानी संगीत पद्धति – क्रमिक पुस्तक मालिका’.

आधी मुलाच्या तुलनेविषयी, कारण ती वाटते त्यापेक्षा नेमकी आहे. गिटारच्या टॅबमध्ये सहा आडव्या रेघा म्हणजे सहा तारा, आणि रेघेवरचा आकडा म्हणजे बोट कुठल्या पडद्यावर ठेवायचे ते. स्वर कोणता हे टॅब सांगत नाही आणि तो किती वेळ धरायचा हेही बहुतेक वेळा सांगत नाही. हात कुठे न्यायचा एवढेच ती सांगते. ही युक्ती जुनी आहे. युरोपात ल्यूट या वाद्यासाठी सोळाव्या शतकाच्या आरंभी अशी पुस्तके छापली जात होती. भातखंडे लिपीत बरोबर उलट आहे. ती स्वर सांगते, मात्रा सांगते, पण गळ्याने काय करायचे हे जवळजवळ सांगत नाही. मींडेसाठी वर एक कंस, कणस्वरासाठी डोक्यावर एक छोटे अक्षर, आणि बाकीचे गुरूवर सोडलेले. दोन्ही लिप्यांत एक गोष्ट मात्र समान आहे: ज्याने गाणे आधीच ऐकले आहे त्यालाच त्या वाचता येतात. कोऱ्या कानाच्या माणसाला त्या फारशा उपयोगाच्या नाहीत. म्हणून ही लिखाणे म्हणजे गाण्याची नक्कल, असे म्हणताना जीभ अडखळते. कोणीतरी कान देऊन ऐकले, त्याला जे ऐकू आले ते त्याने आपल्या समजुतीने मांडले. याला मी माझ्या धंद्यातला शब्द वापरेन: भाषांतर.

पाश्चात्त्य प्रकाशकांना तसे वाटले नाही. १९९२ साली अमेरिकेतल्या नेवाडा विद्यापीठाच्या संगणकावर ‘ऑन-लाइन गिटार आर्काइव्ह’ नावाचा टॅबचा संग्रह सुरू झाला. हौशी वादकांनी कानाने ऐकून लिहिलेल्या हजारो टॅब त्यात जमल्या. संगीत प्रकाशकांचे म्हणणे असे, की रचना कुठल्याही चिन्हांत उतरवणे हा रचनाकाराचाच हक्क आहे. वादकांचे म्हणणे असे, की हे आमचे ऐकणे आहे, तुमच्या छापील पुस्तकावरून उतरवलेले नाही. वकिलांच्या पत्रांपुढे तो संग्रह २००६ मध्ये मिटला. २०१० मध्ये ‘अल्टिमेट गिटार’ या बड्या संकेतस्थळाने प्रकाशकांच्या संस्थेशी परवान्याचा करार केला आणि गाडे मार्गी लागले. म्हणजे पैसे रचनाकाराकडे जाण्याची वाट झाली. ज्याने कान देऊन टॅब लिहिली, त्याचा या तडजोडीतला वाटा हा प्रश्न कोणी फारसा विचारला नाही.

आपल्याकडे हाच प्रश्न शंभर वर्षांपूर्वी, नेमका उलट्या बाजूने उभा राहिला होता.

भातखंडे पेशाने वकील होते, ही गोष्ट त्यांच्या चरित्रात एका ओळीत येऊन जाते. मला ती मध्यवर्ती वाटते. १८६० साली मुंबईत वाळकेश्वरला जन्म, १८८७ मध्ये कायद्याची पदवी, आणि पुढे वकिली सोडून देशभर हिंडणे. वकिलाची एक सवय त्यांनी सोडली नाही: पुरावा तोंडी असेल तर तो कागदावर आणायचा. गायन उत्तेजक मंडळीत, जयपूरच्या महंमद अली खाँ यांच्या घराण्याकडून, रामपूरच्या दरबारात वझीर खाँ आणि नवाब हमीद अली खाँ यांच्या सान्निध्यात त्यांनी ऐकले, शिकले, लिहून घेतले. १९१६ मध्ये बडोद्याला पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली, १९१८ मध्ये दिल्लीला दुसरी आणि १९१९ मध्ये तिसरी याच बनारसला. या सगळ्या खटाटोपातून सहा भागांची क्रमिक पुस्तक मालिका उभी राहिली. दीड हजारांहून अधिक बंदिशी, त्याही मराठीत लिहिलेल्या पुस्तकांत. शेवटचे दोन भाग त्यांच्या निधनानंतर, १९३७ मध्ये आले.

उस्तादांच्या बाजूने पाहिले तर ही उघड लूट होती. घराण्याची बंदिश ही त्या घराची पोटगी. ती मुलाला द्यायची, जावयाला द्यायची, गंडा बांधलेल्या शागिर्दालाही हात राखून द्यायची. ती दोन-तीन रुपयांच्या पुस्तकात छापून आली की घराची मिळकत बाजारात आली. भातखंड्यांच्या बाजूने पाहिले तर हा अग्निशमन बंब होता. दरबार संपत होते, उस्ताद मरत होते आणि त्यांच्याबरोबर चिजा जात होत्या. मला दोन्ही बाजू खऱ्या वाटतात. त्यांतली एक निवडण्याची घाई संगीताचा इतिहास लिहिणारे करतात. टीकाकाराने आधी पान वाचावे.

पान काय सांगते? वर राग, त्याखाली ताल आणि लय. मग स्थायी, अंतरा. बंदिश कोणाकडून घेतली हे त्या पानावर येत नाही. भातखंडे आपल्या गुरूंचा उल्लेख आदराने करत, हे खरे आहे. पण तो आदर प्रस्तावनेच्या आणि आठवणींच्या जागी राहतो. बंदिश ज्या मुखातून आली त्या मुखाचे नाव तिच्या डोक्यावर नाही. आणि गंमत अशी, की याच पानावर दुसरे एक नाव मात्र असते, तेही पुसता न येणाऱ्या जागी. अंतऱ्यात ‘सदारंग’ येतो, ‘अदारंग’ येतो, ‘मनरंग’ येतो. ठुमरीकडे वळलो तर ‘सनदपिया’, ‘कदरपिया’. ही मुद्रा म्हणजे आपल्या परंपरेतला स्वामित्वहक्क. तो पैसा मागत नाही, परवानगी मागत नाही, मुदत संपली म्हणून संपत नाही. तो एवढेच मागतो, की गाताना माझे नाव तुझ्या तोंडून जावे. नाव वृत्तात बसवलेले असल्याने ते गाळले तर चीजच लंगडी होते.

खुद्द भातखंड्यांनी ही रीत पाळली. त्यांच्या लक्षणगीतांत ‘चतुर’ ही मुद्रा आहे. १९१० चा संस्कृत ग्रंथ ‘श्रीमल्लक्ष्यसंगीतम्’ त्यांनी चतुर पंडित या नावाने काढला, आणि मराठी ग्रंथातल्या गुरुशिष्यसंवादात त्या चतुर पंडिताची मते जणू दुसऱ्या कोणाची आहेत अशा थाटात उद्धृत केली. स्वतःचे नाव लपवण्याची हौस असलेला हा माणूस होता. त्यामुळे त्याने इतरांची नावे लोभापायी गाळली, असे मला म्हणवत नाही. त्याला वाटत होते की चीज कोणा एकाची नाही, ती ‘पद्धती’ची आहे. पण स्वतः होऊन नाव झाकणे आणि दुसऱ्याचे नाव आपल्या हातून राहून जाणे, यांत जो फरक आहे तो हेतू चांगला असल्याने भरून निघत नाही. मुद्रेमुळे रचनाकार वाचला. मधला माणूस, ज्याने दोनशे वर्षे ती चीज गळ्यात सांभाळली, तो पानाबाहेर राहिला.

या पुस्तकाचे पुढचे भाग्य भाषांतरकाराला चटका लावणारे आहे. हाथरसच्या संगीत कार्यालयाने मालिकेचे हिंदी भाषांतर काढले आणि आज बनारसच्या दुकानात मागितली तर तीच पुस्तके मिळतात. हे मूळ मराठी पुस्तक आहे असे सांगितल्यावर इथले विद्यार्थी चकित होतात. बंदिशींचे शब्द ब्रजात होते, तसेच राहिले. भाषांतर झाले ते फक्त त्यांच्याभोवतीच्या सूचनांचे. तरी तेवढ्याने मूळ भाषा झाकली गेली. कायद्याने म्हणाल तर १९८०च्या दशकातच या पुस्तकांवरचे हक्क संपले. आज ती कोणीही छापू शकतो, नेटवर ठेवू शकतो, आणि ठेवलेली आहेत.

आता कायद्याकडे. मी वकील नाही, पण भाषांतरकाराला कलमे शब्दशः वाचायची सवय असते. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात ‘संगीतकृती’ची जी व्याख्या होती, तिच्यात ती कृती छापलेली, लिहिलेली किंवा अन्य चिन्हांनी उतरवलेली असण्याची अट होती. १९९४ च्या दुरुस्तीने ती काढली; आता संगीतकृती म्हणजे संगीताने बनलेली कृती, आणि तिची स्वरलिपी हा तिचा एक भाग. गाणाऱ्याला ‘सादरकर्ता’ म्हणून वेगळा हक्कही तेव्हाच मिळाला. याचा अर्थ असा, की स्वातंत्र्यानंतरची जवळजवळ चार दशके या देशाच्या कायद्याला न लिहिलेले गाणे दिसतच नव्हते. ज्या परंपरेत लिहिणे हाच कमीपणा, तिच्यातली चीज पहिल्यांदा मालमत्ता झाली ती लिहून घेणाऱ्याच्या लेखणीखाली.

दुरुस्तीनंतरही गाठ सुटलेली नाही. ‘पोन्नियिन सेल्वन २’ या २०२३ च्या चित्रपटातले गाणे आपल्या वडील-काकांच्या ‘शिवस्तुती’वर बेतले आहे, असा दावा उस्ताद वासिफुद्दीन डागर यांनी ए. आर. रहमान यांच्यावर लावला. एप्रिल २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाच्या एकल पीठाने अंतरिम आदेशात डागरांच्या बाजूने कौल दिला, श्रेयनामावली बदलायला सांगितली आणि दोन कोटी रुपये न्यायालयात भरायला सांगितले. सप्टेंबरमध्ये खंडपीठाने तो आदेश रद्द केला. खंडपीठाच्या म्हणण्याचा गाभा असा, की एखादी रचना कोणी गायली एवढ्यावरून ती त्याने रचली असे ठरत नाही. त्या दाव्यात कोण खरे, हा माझा विषय नाही. मला दिसते ते हे, की कायद्याकडे रचणारा आणि गाणारा अशा दोनच खुर्च्या आहेत. सांभाळणाऱ्यासाठी तिसरी खुर्ची नाही.

ही तिसरी खुर्ची कशी असू शकते, हे मला मणिकर्णिकेवर सुचले. तिथे चितेचा अग्नी काडेपेटीने लावत नाहीत. तो डोमांकडून घ्यावा लागतो, आणि त्याचे द्यावे लागते. तो अग्नी कधी विझलेला नाही अशी श्रद्धा आहे. घाटावरची पाळी, तिला तिकडे ‘पारी’ म्हणतात, डोम कुटुंबांत वाटलेली आहे. मामेभाऊ पैसे मोजत होता तेव्हा माझ्या मनात आले, की विस्तवातून विस्तव घेतल्याने काय कमी होते? काहीच नाही. मग हे पैसे कशाचे? गाणे आणि विस्तव यांत हेच साम्य आहे. दिल्याने दोन्ही घटत नाहीत, आणि म्हणूनच दोन्हींवर मालकी सांगणे प्रथमदर्शनी हास्यास्पद वाटते. पण ते पैसे विस्तवाचे नसतात, राखणीचे असतात. पुराच्या रात्रीही कोणीतरी जागे होते म्हणून आज विस्तव आहे. हे म्हणताना त्या राखणीच्या बदल्यात समाजाने डोमांना काय दिले, हेही विसरून चालणार नाही: अग्नी त्यांचा हवा, स्पर्श नको.

याच घाटावर चैत्र नवरात्रात सप्तमीच्या रात्री नगरवधू महाश्मशाननाथापुढे नाचगाणे करतात. राजा मानसिंहाच्या काळी स्मशानात गायला कोणी कलावंत तयार होईना तेव्हा या बायका आल्या, अशी त्यामागची कथा सांगतात. राखण त्यांचीही, आणि स्पर्शाचा हिशेबही तोच.

माझा स्वतःचा कल इथपर्यंत ठरलेला होता, आणि तो का ठरला होता हे सांगायला हवे. काही वर्षांपूर्वी मी केलेले एका कादंबरीचे भाषांतर पीडीएफ होऊन फिरू लागले. कोणीतरी पाने स्कॅन करताना आतले शीर्षकपान वगळले होते. मूळ लेखकाचे नाव मुखपृष्ठावर होते, माझे फक्त त्या वगळलेल्या पानावर. पीडीएफ मलाच एका अनोळखी वाचकाने ‘जरूर वाचा’ म्हणून पाठवली. पैशाचे मला फारसे वाटले नाही. मराठीत भाषांतराचे पैसे असे किती असतात! नाव गेल्याचे वाटले. तेव्हापासून माझे मत पक्के होते: वाटा, हवे तेवढे वाटा, पण नाव लावा. आपल्या कायद्याचे ५७ वे कलमही लेखकाचा नावावरचा हक्क पैशाच्या हक्काहून वेगळा मानते. मुद्रेची परंपरा, टॅब लिहिणारी मुले, भातखंड्यांची पाने, सगळ्यांना हे एकच सूत्र लागू पडेल असे मला वाटत होते. मामाच्या वह्या स्कॅन कराव्यात, आणि ‘बाईंकडून’च्या जागी बाईंचे नाव घालावे. मामाची चूक भाचीने दुरुस्त करावी.

मामाच्या एका जुन्या तबलजी मित्राला नाव ठाऊक होते. साठ-सत्तरच्या दशकांत मामा आठवड्यातून दोनदा दालमंडीत जात असे. बाई कोठा बंद झाल्यावरही दोन खोल्यांत राहत होत्या. त्या गेल्या त्यालाही आता पस्तीसेक वर्षे झाली. त्यांची नात याच शहरात शाळेत शिकवते. मी वह्या घेऊन तिच्याकडे गेले. तिने चहा केला, वह्या एकेक पान करून बघितल्या, एके ठिकाणी थांबून एक ओळ गुणगुणलीही. मग मी नावाचे काढले. ती म्हणाली, “नाम मत लिखिएगा, दीदी. बेटी की बात चल रही है.” थोड्या वेळाने, जणू मला वाईट वाटू नये म्हणून, पुढे म्हणाली, “आपके मामाजी ने सोच-समझकर ही नहीं लिखा होगा.”

मी गल्लीतून चालत परत आले ती माझ्या सूत्राकडे नव्या नजरेने बघत. नाव ही बक्षिसी आहे असे मी धरून चालले होते, कारण माझे नाव मला मिरवता येते. गौहरजानने १९०२ नंतरच्या आपल्या ध्वनिमुद्रिकांच्या शेवटी इंग्रजीत स्वतःचे नाव मोठ्याने सांगितले. आपण आज त्या ओळीला मुद्रा समजतो, आणि ती आहेही. पण गौहरजानला जे नाव मिरवता आले ते दालमंडीच्या दोन खोल्यांतल्या बाईच्या नातीला घराबाहेर नेता येत नाही. नाव सांगण्याच्या हक्काइतकाच न सांगण्याचा हक्क कोणाचा, याचे उत्तर माझ्या सूत्रात नव्हते. कायद्यात तर आहे ते असे: चिजा परंपरागत, म्हणून कोणाच्याच नाहीत, लिहिलेली स्वरलिपी मामाची, म्हणून ती मामेभावाकडे जाणार, बाईंचे गाणे कोणी ध्वनिमुद्रित केलेच नाही, म्हणून बाई कुठेच नाहीत.

मग भातखंड्यांचे पान मी पुन्हा उघडले. मामाच्या वहीत आणि त्या पानात एक फरक आहे, आणि तो मला आधी दिसला नव्हता. भातखंड्यांच्या पानावर सांगणाऱ्यासाठी जागाच नाही. वाचणाऱ्याला कोणी राहून गेले आहे असे वाटतही नाही. मामाच्या समासात जागा आहे. ‘बाईंकडून’ हा शब्द नाव सांगत नाही, पण नाव होते हे सांगतो. तो लिहिणाऱ्याचे ऋण कबूल करतो आणि सांगणारीचे दार बंद ठेवतो. मी जिला चूक समजत होते ती पन्नास वर्षांपूर्वीच्या एका गणिताच्या मास्तरने काढलेली तोड होती. भातखंडे पद्धतीत लिहूनही तो एका बाबतीत भातखंड्यांच्या पुढे गेला होता. त्यातही उणे राहते, हे मी नाकारत नाही. नाव झाकण्याची गरज ज्या समाजाने निर्माण केली तोच समाज उद्या त्या ठुमऱ्या फुकट गाणार आहे, आणि त्यात मीही आले.

मुलाच्या प्रश्नाला मी पुण्याला फोन करून उत्तर दिले. मूळ वह्या मामेभावाच्या संमतीने नातीकडे ठेवल्या आहेत. आमच्याकडे झेरॉक्स आहे. नेटवर काय जायचे, कधी जायचे, हे ती ठरवेल. लेकीचे लग्न झाल्यावर विचार करू म्हणाली आहे. गेले तर पानांचे कोपरे कापायचे नाहीत, समास दिसला पाहिजे, एवढी एकच अट मी घातली. तो म्हणाला, “आत्या, पण समासात तर काहीच माहिती नाही.” मी म्हटले, “आहे. नीट वाच.”